आडवा आरोकेरिया

माझ्या बाबांचा सगळा जन्म अमरावतीजवळच्या संत्र्याच्या रोपवाटिकेत गेला. जंबेरी लिंबाच्या खुंटावर त्यांनी बांधलेला संत्र्याचा डोळा, म्हणजे कलम, वाया गेला, असं मी कधी पाहिलं नाही. आणि ते तरी कुठे विसरू देतात! लग्नानंतर अकोल्याला निघताना मी अंगणातल्या आरोकेरियासाठी रडले, तेव्हा ते म्हणाले, "रडून काहून राह्यली? एक फांदी घेतो न् तुले दुसरं झाड करून देतो."

आरोकेरिया म्हणजे ख्रिसमसचं झाड म्हणून कुंडीत विकतात तो. मी पहिलीत असताना आम्ही दोघांनी लावलेला, आता गच्चीच्या वर गेलेला. त्याच्या शेंड्याला बाबा कुणाला हात लावू देत नसत.

फांदी रुजली, पण अकोल्याच्या अंगणात ती आडवीच वाढू लागली. बाबा महिन्याला येत, तिला बांबूला बांधत, दटावत. दोरी सुटली की बाईसाहेब पुन्हा आडव्या. सासूबाई तिच्यावर रुमाल वाळत घालू लागल्या. बाबांचं तोंड बघवेना.

शेवटी मी पुस्तकं धुंडाळली आणि बाबांना फोन केला. संत्र्याचा डोळा रुजला की झाड होतं; आरोकेरियाची बाजूची फांदी मात्र जन्मभर फांदीच राहते. सरळ झाडासाठी बी हवं, नाहीतर शेंडा. आणि शेंडा कापला की जुनं झाड पुन्हा तसं उभं चढत नाही. बोलता बोलता हेही सांगितलं की, कुंड्यांत कितीही दिसलं तरी हे झाड ज्या लहानशा बेटावरचं, तिथल्या रानात ते फार कमी उरलंय. धोक्यात आलेल्या झाडा-प्राण्यांच्या जागतिक लाल यादीत त्याची नोंद 'असुरक्षित' अशी आहे.

"सोताच्या गावातच?" एवढंच विचारून बाबांनी फोन ठेवला.

पाच-सहा महिन्यांनी ते बडनेऱ्याहून गाडीनं आले. मांडीवर कुंडी घेऊन आलेले. कुंडीत वीतभर उंचीचं, अगदी सरळ रोप. मी भडकलेच.

"बाबा, शेंडा कापला तुमी? आता ते झाड खुंटलं ना!"

"त्याचं वाढून झालं बाई," कुंडीतली माती दाबत ते म्हणाले. "तुया दारात असं आडवं पडेल झाड पाहून मले जेवन जात नोतं."

मी आणखी भांडणार होते. पण गच्चीवर उभं राहून त्यांनी स्वतःच्या हातानं तो शेंडा कसा कापला असेल, ते डोळ्यांपुढे आलं. मी फावडं आणलं आणि त्यांच्याशेजारी बसून खड्डा खणू लागले.