डब्यांवरचे कागद

सोळाव्या वर्षी मला सगळं येत होतं. आता त्यातलं पुष्कळ विसरले आहे, त्यामुळे माझ्याबरोबर राहणं बरंच सोपं झालंय असं घरातले म्हणतात. तेव्हाची मी तुम्हांला भेटले असते तर तुम्ही पाचव्या मिनिटाला उठून गेला असता.

मुंबईत प्लेग यायच्या दोन-तीन वर्षं आधीची दिवाळी. गिरगावात चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड होतं. बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर आणि त्याच्या खिडकीमागे अरुंद सज्जा. सासूबाई, मामंजी, हे आणि मी, अशी चारच माणसं. धाकट्या वन्संचं लग्न त्याच वैशाखात झालं होतं, परळला दिल्या होत्या. वय चौदा. भाद्रपदात त्यांना थंडीतापानं धरलं, ते महिनाभर सोडलं नाही. ताप गेला, पण जिना चढताना दोनदा बसावं लागायचं. पहिला दिवाळसण, लेक माहेरी येणार म्हणून सासूबाईंनी घरात सगळी तयारी मांडली, तेवढ्यात वन्संच्या सासूबाईंचा, म्हणजे आमच्या विहीणबाईंचा निरोप आला.

"पोरीला अजून विश्रांती हवी. सणाच्या घरात धांदल, आरडाओरड, तिथं कसली विश्रांती? मी स्वतः सोडायला येईन. घर शांत दिसलं तर भाऊबीजेपर्यंत ठेवीन. नाहीतर त्याच गाडीतून परत आणीन."

निरोप ऐकून सासूबाईंनी कापूस पुढ्यात ओढला. वाती वळायला बसल्या, त्या इतक्या वळल्या की शिमग्यापर्यंत पुरल्या.

मला काळजी कसली? मी मुलींच्या शाळेत मराठी चौथीपर्यंत गेलेली. घर व्यवस्थित कसं ठेवावं यावर एका मासिकात आलेला लेख मी दोनदा वाचला होता, म्हणजे विषय संपलाच. मी वेळापत्रक केलं. सडा कधी, पाणी कधी, चकल्या कोणत्या दिवशी, अनारसे कोणत्या दिवशी, मामंजींनी बाहेरच्या खोलीत किती ते किती बसायचं नाही, तेसुद्धा. ते बाहेरच्या खोलीत दाराशी लावलं. मामंजींनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "मला श्वास घ्यायची वेळ लिहायची राहिलीय." मी मनात म्हटलं, शिकलेल्या माणसाची किंमत नाही या घरात.

मग डबे. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात रवा चेपलेल्या पितळी डब्यात, पिठी कान तुटलेल्या बरणीत, साखर लोणच्याच्या जुन्या बरणीत, असा कारभार. मला ते बघवेना. माहेराहून बारा पत्र्याचे डबे आले होते, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे एकसारखे. सगळं त्यांत भरलं, खिडकीकडून ओळीनं फळीवर मांडलं आणि प्रत्येकावर कागद चिकटवला. कणकेची खळ खरकटी, सोवळ्यात चालायची नाही, म्हणून डिंक वापरला. एवढी अक्कल होती, तिनंच घात केला. बोरूनं टपोरी अक्षरं काढली: रवा. मैदा. तांदळाची पिठी. पिठीसाखर. मीठ.

सासूबाई दाराशी उभ्या राहून सगळं पाहत होत्या.

"छान दिसतंय," त्या म्हणाल्या.

त्या 'छान'मध्ये काय होतं हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच काय? डबे काढून द्यायला मी हाताशी असणारच होते.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी सकाळी मी बाजूला बसले. वेळापत्रकात हे नव्हतं. तीन दिवस कशाला हात लावायचा नाही, स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही. मागच्या सज्ज्यात एक घोंगडी, एक तांब्या आणि मी. पेशवाईचा कारभार हातात घेतलेली बाई एका घोंगडीवर येऊन बसली. सासूबाई खिडकीतून नुसतं म्हणाल्या, "ऊन आलं की सरकून बस हो."

त्या सोवळं नेसून एकट्याच चिरोट्यांना लागल्या. आणि अकराच्या सुमाराला परळहून भाड्याची गाडी आली.

वन्संना बाहेरच्या खोलीत अंथरुणावर निजवलं. विहीणबाईंनी मात्र पाट ओढून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बैठक मारली. त्या सोवळ्यात नव्हत्या, आत येता येत नव्हतं, पण मान लांब होती. त्यांना पोथी वाचता येत होती आणि ही गोष्ट त्या कुणाला विसरू देत नसत.

"बरंच निवांत दिसतंय घर," त्या म्हणाल्या. सुरुवात तर चांगली झाली.

मी खिडकीखाली बसून कान देत होते. लाटणं चाललेलं, चुलीवर तूप तापलेलं. आता पोळ्यांना लावायच्या साट्याला तांदळाची पिठी हवी. पावलं फळीकडे गेली आणि थांबली.

एक झाकण उघडलं. मिटलं. दुसरं उघडलं. मिटलं. तिसरं.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. या घरात येऊन मला दोन वर्षं झाली होती. मामंजी रोज पोथी वाचून दाखवत, सासूबाई ऐकत. त्यांच्या हातात मी कधी कागद पाहिला नव्हता, आणि का पाहिला नाही असा प्रश्न या चौथी शिकलेल्या डोक्यात एकदाही आला नव्हता. चेपलेला डबा, तुटका कान, हीच त्यांची अक्षरं. ती मी पुसून टाकली होती. आत सगळं पांढरंच. हात तुपानं, मैद्यानं माखलेले, चिमटीला काही कळणार नाही. जिभेला लावून पाहावं तर नैवेद्य अजून व्हायचा.

"काय शोधताय, विहीणबाई?" उंबऱ्याबाहेरून विचारणा झाली.

"काही नाही. पिठी."

"अहो, मग कागद लावलेत ना चांगले! वाचा की."

आत आणखी एक झाकण वाजलं. चुलीवरचं तूप कडकडायला लागलं.

"वाचता... म्हणजे येतं ना?" विहीणबाईंचा आवाज एकदम गोड झाला. "थांबा, मी इथूनच विचारते. सूनबाई, जरा इकडे ये गं, तुझ्या आईला वाचता..."

अंथरुणावरून वन्सं उठायला लागल्याचं ऐकू आलं. आईला वाचता येत नाही हे त्यांना ठाऊक असणार, आणि ते सासूसमोर आपल्या तोंडून निघणार म्हणून ती पोर किती हळू उठत होती!

मी खिडकीच्या गजांशी तोंड नेलं.

"सासूबाई, ते कागद वाचू नका हो! सगळे चुकलेत. मी घाईघाईत उलटसुलट चिकटवले. तुम्ही ओरडाल म्हणून बोलले नाही."

बाहेर पाट सरकला. मग विहीणबाई.

"म्हणजे? मिठावर साखर लिहिलंय का काय?"

"हो," मी म्हटलं. "आणि साखरेवर मीठ."

ते बारा कागद मी किती जीव लावून लिहिले होते ते माझं मला ठाऊक. एकाचीसुद्धा वेलांटी चुकली नव्हती.

"पिठी खिडकीकडून तिसरी आहे, सासूबाई. पिठीसाखर चौथी. मीठ अगदी शेवटी, कोपऱ्यात."

तिसरं झाकण उघडलं. मग तूप उतरवल्याचा आवाज, आणि मग टरकन कागद फाटल्याचा. एक, दोन, तीन... बारा. सगळे चुलीत.

"चुकीचे कागद कशाला ठेवायचे," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

विहीणबाई हसल्या ते पार खोकला येईपर्यंत. "शिकलेली सून! अहो, चौथी पास ना ही?" मग जरा दम घेऊन, "आणि तुम्ही तिला एक शब्द बोलला नाहीत?"

"लहान आहे अजून. बोलून काय, पिठीची साखर होणार आहे?"

"माझ्या घरी असती तर मी चाळ डोक्यावर घेतली असती."

"घेऊन करायचं काय?"

चिरोटे तळले गेले. नैवेद्य दाखवल्यावर विहीणबाईंनी चार खाल्ले. दुपार कलली तशी त्या उठल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या. वन्संना झोप लागली होती, तोंड किंचित उघडं, एक पाय चादरीबाहेर. विहीणबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"आमच्याकडे दिवसा झोपत नाही ही," त्या म्हणाल्या. "सारखी दचकते." आणि मग आवाज खाली आणून, "राहू दे भाऊबीजेपर्यंत. नाहीतर असं करा, कार्तिकी एकादशी झाली की पाठवा. या घरात सून एवढा घोटाळा करते आणि भांडं आपटत नाही कुणी."

त्या जिना उतरल्या आणि परळपासून शीवपर्यंत त्यांचे जेवढे नातेवाईक होते त्या सगळ्यांना गिरगावच्या शिकलेल्या सुनेची गोष्ट सांगितली. पुढं वीस वर्षं कुठल्याही हळदीकुंकवाला गेले की कुणीतरी माझ्यासमोर वाटी धरून विचारायचं, "बघा हो, साखरच आहे ना?"

त्या दिवशी संध्याकाळी सासूबाई सज्ज्याच्या दाराशी आल्या. शिवू नये म्हणून चार हात लांबून त्यांनी माझ्या केळीच्या पानावर वरून दोन चिरोटे टाकले. मग तिथेच उकिडव्या बसल्या.

"कागद बरोबर होते ना गं?"

"हो."

"मग एवढ्या मोठ्यानं खोटं बोलायला कुठं शिकलीस? शाळेत?"

"हो," मी म्हटलं. "चौथीत."

त्या तोंडाला पदर लावून हसल्या, आवाज न करता, कारण आत वन्सं अजून झोपल्या होत्या.