मोटरी बंद, पाय पुढे

"मग दवाखाना कुठं टाकणार?" मी नर्सिंगमधली डॉक्टरेट करते आहे हे कळल्यापासून आमच्या कळंबच्या वस्तीवर मला हा एकच प्रश्न विचारतात. सांगून सांगून तोंड दुखलं, की बाबांनो, मी बारामतीच्या दवाखान्यात सिस्टर आहे आणि ही पदवी मिळाली तरी सिस्टरच राहणार. ऐकून घेतात, माना डोलावतात आणि जाता जाता विचारतात, "पर जागा बघितली का न्हाय?"

नोकरी सांभाळून करायचं म्हणून हा अभ्यास ऑनलाइन. ही सोय ज्यानं काढली त्याला एकदा आमच्या वस्तीवर आणून बसवायला हवं. दुपारी शेतीची लाइट आली की एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, पाण्याच्या सगळ्या मोटरी एकदम चालू होतात, घरातला पंखा रांगायला लागतो आणि वायफाय मान टाकतं. माझ्या गाइडबाईंची मीटिंग नेमकी त्याच वेळेला. एकदा म्हटलं, सुट्टी टाकून दवाखान्यातच बसू. बाई नमस्कार म्हणतायत तोवर वॉर्डातून हाक आली, "सिस्टर, जरा येता का? शीर सापडंना." सुट्टीवरच्या बाईला! गेले, शीर शोधून सुई लावली, परत येऊन बघते तर मीटिंग संपलेली.

विषय माझा साधा. साखरेच्या आजारात पाय बधिर होतात, जखम झाली तरी कळत नाही, म्हणून पाय वेळोवेळी तपासून घ्यावेत. वस्तीवरच्या बायका आल्या. पुरुष एकही नाही. उसाला पाणी देताना दिवसभर अनवाणी चिखलात उभे राहणारे हेच, आणि पाय दाखवायला लाजही यांनाच. गाइडबाईंनी शेवटचं बजावलं होतं: गुरुवारी पुरुषांचं काय ते सांगा, नाहीतर हा विषय बंद, नवा घ्या, वर्ष वाया.

नन्नाचा पाढा सगळ्यात आधी सासऱ्यांनीच लावलेला. त्यांची साखर जुनी. मी बघते म्हटलं की पाय धोतराखाली. "सुनंनं पाया पडावं. पाय हातात घिऊन बघायचं म्हंजी काय? लोकं काय म्हणतील?"

बुधवारी माझा संयम संपला. सासऱ्यांपुढे चहाचा कप आदळून मी म्हटलं, "मामा, उद्या मोटरी चालू झाल्या की माझं सगळं बुडालं. आणि बुडू दे. सांगायला तरी काय आहे माझ्याकडे? सोडते मी हे."

त्यांनी टोपी घातली, काठी घेतली आणि बाहेर पडले. माझ्या कटकटीला कंटाळले असतील असं वाटलं, आणि त्याचाही मला रागच आला.

गुरुवारी लाइट आली आणि एकही मोटर चालू झाली नाही. पंखा नीट फिरत होता. गाइडबाई स्क्रीनवर स्वच्छ दिसत होत्या आणि विचारत होत्या, "पुरुषांचं काय झालं?" मी तोंड उघडणार, तोच खिडकीबाहेरून आवाज आला, "ओ डॉक्टरीणबाई, आटपा की! पाणी द्यायचं खोळंबलंय."

"कोण आहे ते?" बाई म्हणाल्या.

मी खिडकीतून पाहिलं. आमच्या डीपीवरचे सगळे शेतकरी ओट्यावर ओळीनं बसले होते, पाय धुऊन. त्यातला एक म्हणाला, "तुमचं सासरं, तात्या, काल घरोघर फिरलं. म्हणलं, दुपारच्याला मोटरी बंद ठेवा आन् पाय दाखवायला या, मी बी दाखवणार हाय. मग आमाला कसली लाज?"

"वर्षभर तुमच्या हातापाया पडत होते, तेव्हा कुठं होता सगळे?" मी खिडकीतून ओरडले. माइक चालू आहे याचं भानच राहिलं नाही. बाई हसल्या. म्हणाल्या, "विषय चालू ठेवा. आणि आधी त्यांना बघा, बाकीचं पुढच्या वेळी बोलू."

ओळीत पहिले सासरेच होते. धोतर गुडघ्यापर्यंत ओढलेलं, तोंड उसाकडे वळवलेलं. मी खाली बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला. तपासणीचा नायलॉनचा धागा अंगठ्याला टेकवला, मग चवड्याला, मग टाचेला.

"मामा, धागा लागला की सांगा."

"सांगतो की," ते उसाकडे बघतच म्हणाले, "आदी लाव तर खरं."

मी केव्हाची लावत होते.