कार्ड कॅसिनोत, माणूस बेपत्ता

ती बाई ठाण्यात आली तो दिवस मी विसरू शकलेलो नाही. तेव्हा वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. तिचा नवरा फरशी बसवणारा कारागीर, गोव्यात कामाला गेलेला. पाच दिवस त्याचा फोन बंद होता.

मिसिंगची नोंद घेतली, फोटो आणि आधार क्रमांक गोवा पोलिसांना पाठवला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं : या आधार कार्डावर एक इसम रोज एका कॅसिनोत जातो.

मी बाईला म्हणालो, "नवरा सुखरूप आहे. जुगाराचा नाद लागलाय. पैसे संपले की येईल."

"साहेब, त्यायले पत्ते पिसताबी येत नाई. ते कायले जातीन तिथं?"

नवऱ्याबद्दल प्रत्येकच बाई असं म्हणते, हा माझा अनुभव. मी तिला थांबायला सांगितलं. ती रोज तिच्या गावाहून, रिठदहून यायची, बाकावर बसायची. गावात लोक तिला हसू लागले होते. तिसऱ्या दिवशी मी कॅसिनोच्या दारावरच्या कॅमेऱ्यातला फोटो मागवला. दाढी तशीच, अंगकाठी तशीच. तिनं मोबाइल हातात घेतला आणि तिचा चेहरा उतरला.

"हे ते नोयत, साहेब. मंग ते कुठं हायेत?"

कार्ड दुसऱ्याकडे, मग कार्डाचा मालक?

त्याच दिवशी तिला आणि एका हवालदाराला घेऊन गोव्याला निघालो. आम्ही पोचेपर्यंत तिथल्या पोलिसांनी त्या इसमाला कॅसिनोच्या दारातच धरलं होतं. तो तिथलाच दुकानदार. स्थानिकांना कॅसिनोत खेळायला बंदी, म्हणून परराज्यातल्या माणसाचं कार्ड वापरत होता.

"बसस्टँडवर सापडलं," तो एकच सांगत राहिला.

मी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणालो, "ज्याचं कार्ड आहे, त्याची बायको बाहेर बसली आहे."

तो एकदम म्हणाला, "साहेब, मी त्याला धक्काही लावला नाही!"

धक्क्याचा विषय आम्ही कोणीच काढला नव्हता. तसं मी त्याला म्हणालो. मग तो रडायला लागला. रस्त्यात एका गाडीनं कारागिराला उडवलं होतं. लोक त्याला रिक्षात घालत असताना यानं पडलेलं पाकीट खिशात टाकलं होतं. मोबाइल चाकाखाली चुरडला गेला होता.

सरकारी दवाखान्यात 'अनोळखी पुरुष' म्हणून तो कारागीर सापडला. डोक्याला मार होता, शुद्ध नव्हती. बाई खाटेजवळ बसून त्याला नावानं हाका मारत राहिली. दोन दिवसांनी त्यानं डोळे उघडले. आज तो काठी घेऊन चालतो, फरशीचं काम मात्र सुटलं.

दुकानदारावर गुन्हा दाखल झाला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. नोंद कार्डाची असते, माणसाची नसते, हे मी पुढे प्रत्येक नव्या शिपायाला शिकवलं. पण ती बाई खरं सांगत असताना मी तिला तीन दिवस बाकावर बसवून ठेवलं, आणि तिकडे त्याला नावानं हाक मारणारं कोणी नव्हतं, हे मात्र मी कुणालाच सांगितलं नाही.