निर्माता अनोळखी

आमच्या साडूंनी माणसांवर जेवढा विश्वास टाकला, तेवढा पेलण्याच्या लायकीची माणसं अहमदपुरात कधी नव्हतीच. हे मी लातुरात बसून म्हणतो आहे म्हणून कुणाला राग आला तर खुशाल येऊ द्या. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. खत-बियाण्यांच्या दुकानांसाठी ते संगणकाचे प्रोग्राम लिहीत. कोणत्या लॉटची पिशवी कुणाला गेली, गोदामात काय उरलं, कुठलं बियाणं मुदतीबाहेर चाललं, हे सगळं दुकानदाराला बसल्या जागी दिसे.

आता लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याच्या मशीनवर तसाच चालत नाही. तो चालावा म्हणून तिथं आधी बरंच सामान, म्हणजे त्याला लागणारे दुसरे प्रोग्राम, टाकावं लागतं. साडूंना हे मान्यच नव्हतं. ते सगळं सामान प्रोग्रामसकट एकाच फाईलमध्ये कोंबत. ‘‘प्रोग्राम म्हंजे लेक हाय,’’ ते म्हणत, ‘‘सासरी जाऊन कुनाकडं मीठ मागायची पाळी येऊ नये.’’ या रुखवतामुळे फाईल एवढी लठ्ठ होई की दुकानदार तिच्यावर टिचकी मारून चहा सांगे, चहा येई, पिऊन होई, आणि मग कुठं पडद्यावर खिडकी उघडे. तोवर साडू लेकीच्या बापासारखे अवघडून उभे असत. तयार फाईल तपासायला ते एसटीनं थेट माझ्याकडे येत, कारण माझ्या मशीनवर कामाचं काहीही नव्हतं. ‘‘हितं चाललं म्हंजे कुठंबी चालतंय,’’ असं ते माझ्या बायकोसमोर म्हणत आणि ती फार समजल्यासारखी मान डोलवी.

इंटरनेटवरून फाईल पाठवणं त्यांना पोस्टानं अक्षता पाठवण्यासारखं वाटे. पेनड्राईव्ह गळ्यात, इष्टलिंगाच्या दोऱ्याशेजारी, आणि स्वतः एसटीत. एकदा एका दुकानदारानं कंधारच्या मेहुण्याला परस्पर प्रोग्राम दिला. दिला म्हणजे काय, तर पडद्यावरचं त्याचं चित्र तेवढं उचलून पेनड्राईव्हवर टाकलं. कंधारात ते चालेना, तेव्हा मेहुण्यानं फोन करून साडूंनाच झापलं. साडू भर उन्हात कंधारला गेले, पाहिलं आणि खो खो हसले. चित्रच आलंय, प्रोग्राम घरीच राहिला, एवढंच म्हणाले आणि खरी फाईल टाकून परतले. मी असतो तर त्या मेहुण्याची शोभा करून आलो असतो.

फक्त एका गोष्टीनं ते चिडत. कुठल्याही मशीनवर फाईल उघडली की मशीन विचारी, या प्रोग्रामचा निर्माता अनोळखी आहे, तरीही चालवायचा का? हा प्रश्न टाळायचा तर कुठल्याशा परदेशी कंपनीकडून ओळखीचा दाखला घेऊन फाईलला जोडावा लागतो. साडू म्हणत, ‘‘अहमदपुरात मला वळखत न्हाई असा कोन हाय? दाखला कामून पायजे?’’ हे मला तेव्हा शंभर टक्के पटलं होतं. आज आठवलं की तोंड कडू होतं.

पेरणीच्या तोंडावर गावातल्या सगळ्यात मोठ्या दुकानात नवा अँटिव्हायरस बसला. त्याला ही बिनदाखल्याची लठ्ठ फाईल व्हायरस वाटली आणि त्यानं ती पुसून टाकली. मी त्या दिवशी अहमदपुरातच होतो, साडूंबरोबर दुकानात गेलो. गिऱ्हाइकं खोळंबलेली, अँटिव्हायरसवाला खुर्चीत. त्यानं शेटजींना विचारलं, हा प्रोग्राम कुणी बनवलाय? हे शेटजी साडूंच्या लेकीच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसलेले. त्यांनी एकदा गर्दीकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘कोन की बाबा. कुनीतरी टाकून गेलंय.’’

साडू काउंटरच्या अलीकडेच उभे होते. नवी फाईल घालायला काढलेला पेनड्राईव्ह त्यांनी पुन्हा गळ्यात अडकवला. ‘‘शेटजी, मशीनला म्हाईत नव्हतं, ते ठीक हाय,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘तुमाला तर म्हाईत होतं.’’

संध्याकाळपर्यंत ते व्हायरस पसरवतात असं गावभर झालं. दुकानादुकानांतून त्यांचा प्रोग्राम काढला गेला आणि एकानंही त्यांना घरी येऊन विचारलं नाही. मला त्या गावाचा संताप येतो, अजूनही येतो. साडूंना तोही आला नाही. ते लेकीकडे नांदेडला गेले आणि संगणकाला हात लावायचे थांबले.

त्यांनी तपासायला आणलेली शेवटची फाईल माझ्या मशीनवर तशीच आहे. मला ना दुकान, ना गोदाम. तरी कधीतरी मी तिच्यावर टिचकी मारतो. निर्माता अनोळखी आहे, तरीही चालवायचा का, असं मशीन विचारतं. मी हो म्हणतो. मग बायकोला चहा टाकायला सांगतो, आणि तिच्या भाऊजींची खिडकी उघडेपर्यंत आम्ही दोघं समोर बसून राहतो.