कपाटातला मानेचा पट्टा

मृणाल विनायक केळकर, मानेच्या पट्ट्याविषयी तू माझ्याशी खोटे बोललीस.

"किरकोळ दुखणं आहे हो. पट्टा लागलाच नाही," असे तू म्हणाली होतीस.

तुला जाऊन आज महिना झाला. तुझे सामान आणण्यासाठी लॅबमध्ये गेलो, तेव्हा तो पट्टा तुझ्या कपाटात सापडला. कडा झिजलेल्या, वेल्क्रो निकामी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. माझी पत्नी रत्नागिरीतील एका वंध्यत्व उपचार केंद्रात एम्ब्रियॉलॉजिस्ट होती. इतरांचे गर्भ काचेच्या बशीत जपणे, मायक्रोस्कोपवर तासन् तास वाकून, हे तिचे काम.

त्या खोलीत सुगंध वर्ज्य असे. हे विसरून मी एकदा पावसहून सुरंगीचा गजरा आणला.

"उद्या केसेस आहेत, अहो. गर्भांना वास सोसत नाही. शेजारच्या वहिनींना द्या, खूश होतील."

"आणि मी?"

"तुम्ही आंघोळ करून या."

मग एके दिवशी जेवताना तू म्हणालीस, "आज गर्भ उचलायची पिपेट धरताना अंगठा बधिर झाला. केंद्राच्या डॉक्टरांना सांगून आले, उद्यापासून हे काम माझ्या हाताखालची शलाका करेल."

"कोणाच्या लक्षात आलं होतं का?"

"माझ्या आलं. पुरे नाही?"

ज्या कामावर तुझा जीव होता, ते तू एका वाक्यात सोडलेस. त्यानंतर शलाकाला शिकवत राहिलीस.

तुला तापाने नेले. त्याचा दोष मी तुझ्या कामाला देणार नाही.

परंतु आज एक गोष्ट उमगली. बधिर हाताने दुसऱ्याचे नुकसान झाले असते, म्हणून तू तो जाहीर केलास. मान केवळ तुझी होती, म्हणून लपवलीस.

अखेरच्या निरोपाआधी तुझ्या केसांत सुरंगी माळताना माझा हात क्षणभर थांबला. उद्या तुझ्या केसेस असतील, असे वाटले.

आज सामान बांधताना शलाका सारखी मान चोळत होती.

"दुखते का?"

"किरकोळ आहे, सर."

"हा शब्द मला पाठ आहे. आत्ता डॉक्टरांना सांगून या. मी इथे थांबतो."

ती सांगून आली. उद्यापासून ती दर तासाला उठणार आहे, तसे तिने मला वचन दिले आहे.

मृणाल, तुझ्या निष्ठेला माझा नमस्कार. तुझ्या लपवण्याला मात्र नाही.

पट्टा मी घरी आणण्यासाठी सोबत घेतला. कपाटाचे दार लावले, कुलूप घातले आणि किल्ल्या शलाकाच्या हाती परत केल्या.