मावशीचं चौथं कडवं

गाणं सुरू करण्याआधी मावशी थुंकायची. तोंडातली तंबाखू गालात गोळा करायची, स्टेजच्या कडेला जायची आणि खाली मातीत पचकन टाकायची. मग पदराने तोंड पुसून कानावर हात. समोर कोणीही बसलेलं असो, यात बदल नाही.

मी तिच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचो. इस्त्रीचा सदरा घालणारा माणूस मी, मला भारी किळस यायची.

"मावशी, लोकं पाहून राह्यले नं!"

"पाहू दे नं मास्तर. घसा साफ असला म्हंजे गानं खोटं नाही निंगत."

ते मात्र खरं होतं. तुम्हीही ऐकली असतील अशी माणसं, सुरात जराशी कच्ची, पण ऐकणारा जागचा हलत नाही. आसेगावच्या कार्यक्रमात तिने दुष्काळाचं गाणं धरलं की चहावाला किटली हातात घेऊन तसाच उभा राहायचा. गाणं तिने स्वतः रचलेलं. पहिली तीन कडवी खडी फोडण्याच्या कामाची, चौथं तिच्या लेकीचं. त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीला गावच्या विहिरीवर हात लावू देत नव्हते. कोणाला दया आली तर वरून घागरीत ओतायचे. मावशी दुपारपर्यंत तिथे ताटकळली आणि इकडे तापाने फणफणलेली पोर गेली.

"विहीर भरली व्हती, घागर माही रिती,
पानी घेऊन आली मी, लेक उरली नव्हती."

खेड्यापाड्यातल्या गायकांचा कार्यक्रम करायला टीव्हीवाल्यांनी आम्हाला मुंबईला बोलावलं. आमच्या भागात तेव्हा टीव्ही कोणी पाहिलाही नव्हता. मावशी एकाच गोष्टीसाठी तयार झाली. म्हणाली, "माह्या पोरीचं मुंबई तरी आइकन."

तिथे एका पोरीने तिच्या काळ्या तोंडावर पांढरी पावडर थापली. कडेला जाऊन थुंकायची सोय नव्हती, खाली गुळगुळीत फरशी. मावशीने सगळं गिळलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

"बाई, जरा हसा ना," टीव्हीचे साहेब म्हणाले. "आणि ते विहिरीचं कडवं नको. लोक जेवताना बघतात."

खडी फोडण्याचं गाणं आणि हसा! शिसारी आली मला. मावशी हसली नाही, पण तीन कडव्यांवर दिवे मालवले. परतीच्या गाडीत तिने तंबाखूला हात लावला नाही. मी स्वतः डबी पुढे केली, तर तोंड खिडकीकडे फिरवलं.

मुंबईला असलेल्या कोणा पाव्हण्याने गावात कळवलं, बाई झकास म्हणाली, तीनच कडवी म्हणाली. सरपंचांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तिचा सत्कार ठेवला. त्या ओट्यावर आमच्यातलं कोणी याआधी चढलं नव्हतं.

ओट्याच्या खांबाला टेकून सरपंच पान खायचे आणि तिथेच पिंक मारायचे. खांब कमरेइतका लाल झालेला. त्याच खांबाशी उभं राहून ते म्हणाले, "बाईनं गावाचं नाव काढलं. आता टीव्हीवर म्हनलं तेवढंच म्हना."

मावशीने नारळ बाजूला ठेवला. ओट्याच्या टोकाला गेली, खाली मातीत थुंकली आणि कानावर हात ठेवला. मी पेटी धरली. किळस कुठल्या कुठे गेली होती.

"तिकडं हे म्हनू देलं नाही," ती म्हणाली आणि थेट चौथं कडवं उचललं.

खुर्च्यांवरची माणसं एकेक करून उठून गेली. मागे जमिनीवर बसलेली आमची वस्ती हलली नाही. असं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही.

मावशी जाऊन आता खूप वर्षं झाली. टीव्ही घरोघर आला. त्यावर कोणी पावडर लावून हसत दुःखाचं गाणं म्हणायला लागलं की मी उठून बंद करतो.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचांच्या गड्यांनी अख्खा ओटा बादल्याच्या बादल्या ओतून खराट्याने घासला. बाई थुंकली म्हणून धुतो, असं सांगितलं. थुंकली होती ती खाली मातीत. लाल खांबाला कोणी हात लावला नाही.

मावशी रस्त्यावर उभी राहून बघत होती. ओट्यावरून ओघळ तिच्या पायापर्यंत आला.

"पाह्य मास्तर," ती म्हणाली, "किती पानी हाये विहिरीले."