पाच नखांचा राक्षस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. तुम्हाला सांगते आहे, आणि मध्येच थांबणार नाही.

पेणमध्ये आमचा गणपतीचा कारखाना. गणपती रवाना झाले की काही महिने हात रिकामे. अशाच एका वर्षी मुंबईची एक खेळण्यांची कंपनी आमच्याकडे आली. त्यांना साचा काढण्यासाठी परदेशी सिनेमातल्या एका राक्षसाची मूळ मूर्ती हवी होती — पोरांना खेळायला नव्हे, मोठी हौशी माणसं कपाटात मांडतात त्यासाठी. मला हसू आलं. पण काम मी घेतलं.

कंपनीच्या साहेबांनी सगळं नीट समजावलं होतं. राक्षस सिनेमावाल्यांच्या मालकीचा. कंपनीने ठरावीक वर्षांचा परवाना घेतलेला, विकलेल्या प्रत्येक नगामागे सिनेमावाल्यांना हिस्सा. नमुना त्यांनी पास केल्याशिवाय एकही नग बाजारात जायचा नाही. आणि नापास नमुन्याचा साचा नष्ट करायचा. कागदावर सही माझी होती. मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मूर्ती हिराने घडवली. जवळच्या जिते गावची हिरा, मिठागरात राबणाऱ्या घरातली. रोज गाडीने यायची. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला होता — हेही मी कधी मोठ्याने बोलले नाही. पण गणपती घडवणारे हात ते! राक्षसाचं पोट गोल झालं, डोळे मायाळू झाले. शिवाय पायाला पाच-पाच नखं. सिनेमावाल्यांनी नमुना परत पाठवला : नखं चार हवीत, आणि हा असा प्रेमाने का बघतो आहे? आम्ही दोघी पोट धरून हसलो. हिराने दुसरी मूर्ती केली, ती पास झाली.

राहिला पहिला साचा. आता बघा, पेणमध्ये साचा कुणी मोडतं का? शेजारचा कारखानदार मागतो, आपण देतो, पुढच्या वर्षी आपण त्याचा आणतो. साचा मोडायचा म्हणजे जिवावर येतं. हिरा कात्री घेऊन साच्याचं रबर कापायला बसली होती. मी म्हटलं, "राहू दे गो, मी बघते." आणि साचा पिशवीत घालून रोह्याला माझ्या भावाकडे नेला. तो प्लास्टरची खेळणी ओतायचा. जत्रेत चार नग खपतील, एवढाच विचार. साचे फिरवायची सवयच आमची — पण मग मी तो पिशवीत, जुन्या साडीखाली का लपवला होता?

रोह्याच्या जत्रेत एका फेरीवाल्याकडे कंपनीच्या माणसाला तो राक्षस दिसला. तो कुणी ओतला, ते फेरीवाल्याला सांगता आलं नाही. साहेब राक्षस घेऊन थेट कारखान्यात आले आणि माझ्या टेबलावर ठेवला. पाच नखं. असा राक्षस जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. सगळे कामगार हातातलं काम सोडून बघत होते.

साहेबांनी विचारलं, "पहिला साचा नष्ट करायचं काम कुणाकडे होतं?"

मी म्हटलं, "हिराकडे."

एकच शब्द. कुणी माझा गळा धरला नव्हता. परवान्याचं काम जाईल, कारखान्याची अब्रू जाईल — ही भीती होती. पण भीती तर हिरालाही असेल ना?

ती मातीच्या हातांनी तशीच उभी राहिली. म्हणाली, "वहिनी, साचा माझ्याकडे नाय ठेवलात. तुमीच नेलात." मी तिच्याकडे बघितलं नाही. साहेबांना म्हटलं, "चोर कधी कबूल करतो का?"

हो, हेही मीच बोलले.

त्या दिवशी तिचं काम सुटलं. पेणमध्ये बातमीला पाय फुटतात. साचा चोरणाऱ्या बाईला कुठलाच कारखाना उभा करीना. ती मिठागरावर गेली. तिथे हातापायांना भेगा पडतात, त्या बोटांनी पुन्हा मूर्ती होत नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी तेच साहेब गणपती न्यायला आले होते. चहा घेताना सहज म्हणाले, "त्या वेळी साचा तुम्हीच बाहेर दिला असता ना, तरी काही झालं नसतं. सिनेमावाल्यांचं ताकीद देणारं एक पत्र आलं असतं." मी बशी खाली ठेवली. एका पत्राच्या भीतीने मी हिराचे हात घालवले होते.

येत्या रविवारी कारखानदारांची सभा आहे. हे सगळं मी तिथे उभी राहून वाचणार आहे, भावाच्या नावासकट. त्याचं नाव घेणार, एवढंच त्याला कळवलं आहे. तो भांडेल, भांडू दे. हिराला मी सभेला बोलावलेलं नाही. चारचौघांसमोर मला माफ करायची पाळी तिच्यावर आणायची नाही. तिच्यावरचा आळ गावाने ऐकला होता, तेव्हा माझी चोरीही गावानेच ऐकली पाहिजे. दुसऱ्या दिवशी मी जित्याला तिच्या दारात जाणार. तिने दार लावून घेतलं, तर तो तिचा हक्क आहे.

साचा हिराने चोरला नव्हता. मी चोरला होता, आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.